परळची शाळा आणि आपला हक्क

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



समितीच्या कार्यकर्त्यांनी मला शिक्षण हा विषय दिला. तो फार मोठा आहे आणि त्यावर बोलणारे विद्वान पुष्कळ आहेत. मी गिरणीतला माणूस. साच्याच्या खडखडाटात जे ऐकले आणि रात्री दिव्याखाली जे वाचले, तेवढेच माझे भांडवल. म्हणून कॉलेज, विद्यापीठ यांच्या गोष्टी मी करणार नाही. मी बोलणार आहे पहिलीच्या वर्गाबद्दल. पाटी-पेन्सिलीच्या शाळेबद्दल. ही शाळा आपल्या वस्तीपर्यंत आली कशी, तिच्यासाठी पहिला पैसा कोणी दिला, आणि आज ती कोणाची आहे, एवढ्याच तीन गोष्टी सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, मालाडला बसून परळची शाळा कशाला? कारण आपल्यापैकी पुष्कळांचे आजे-पणजे कोकणातून, घाटावरून आले ते पहिल्यांदा परळ, नायगाव, डिलाईल रोडच्या चाळींत उतरले. पुढे पोरे मोठी झाली, खोली पुरेना, मग गिरण्याही गेल्या, आणि कुटुंबे सरकत सरकत उपनगरात आली. मालाडच्या पोराच्या दप्तराचा इतिहास शोधायला गेले की वाट परळवरून जाते.

पण परळच्याही आधी पुण्याला जावे लागते. महात्मा जोतीराव फुल्यांनी नगरला अमेरिकन मिशनच्या फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ साली पुण्यात बुधवार पेठेत भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीमाई शिकवायला उभ्या राहिल्या, फातिमा शेख त्यांच्या जोडीला आल्या. मग महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा निघाल्या. लहुजीबुवा आणि राणबा महार यांनी घरोघर फिरून मुले गोळा केली. हे सगळे आपण दरवर्षी ऐकतो. परंतु एक प्रश्न आपण सहसा विचारत नाही. ह्या शाळांचा खर्च कोण करत होते?

खर्च देणगीवर चालत होता. भिड्यांनी वाडा दिला. उस्मान शेख यांनी जोतीराव-सावित्रीमाईंना आपल्या घरात जागा दिली. काही युरोपियन अधिकारी महिन्याची वर्गणी देत. पेशव्यांच्या वेळी ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटली जाई, तिच्या फंडातून इंग्रज सरकारने थोडी मदत दिली. म्हणजे बंधूंनो, जी दक्षिणा वेदपठणासाठी होती तिचा एक वाटा मुलींच्या शाळेला मिळाला, हाही काळाचा न्यायच म्हणायचा. १८५२ साली विश्रामबाग वाड्यात जोतीरावांचा सरकारतर्फे सत्कार झाला. ह्याच शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे ह्या मांग समाजाच्या मुलीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय' पत्रात छापून आला. काही वर्षांच्या शिक्षणात त्या मुलीने आपल्या समाजाच्या दुःखाचा जाब धर्माला विचारला. आजच्या आपल्या मुलींनी तो निबंध जरूर मिळवून वाचावा.

पण पुढे काय झाले? १८५७ चा उठाव झाला आणि युरोपियनांच्या वर्गण्या आटल्या. शाळा अडचणीत आल्या. देणाऱ्याचे मन फिरले, त्याची बदली झाली किंवा राज्यात गडबड झाली, की फळा पुसला जातो. देणगीचा हा स्वभावच आहे. देणारा वाईट असतो असे नाही. तो देतो ते त्याच्या मर्जीने, म्हणून थांबवतोही मर्जीने.

त्याच सुमारास, १८५६ साली, धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत नाव घालण्यासाठी अर्ज केला. सरकारी शाळा म्हणजे लोकांच्या पैशाची शाळा. तिथे त्याला प्रवेश मिळाला नाही. एका मुलासाठी बाकीची मुले शाळा सोडतील, असे कारण निघाले. पुण्यात देणगीच्या शाळेत आपली मुले शिकत होती, आणि धारवाडला कराच्या पैशाच्या शाळेचे दार बंद होते. हे दोन्ही शेजारी ठेवून पाहा, म्हणजे पुढच्या शंभर वर्षांची लढाई कशासाठी होती ते कळेल. जोतीरावांना ते कळले होते. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी स्पष्ट मांडले की सरकारचा महसूल येतो कुणब्याच्या घामातून आणि शिक्षणावरचा खर्च होतो वरच्या वर्गांवर. वयाच्या बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी त्यांनी केली. ज्या माणसाने देणगी मागून शाळा चालवल्या, त्यानेच शेवटी सरकारच्या तिजोरीकडे बोट दाखवले.

आता परळला येऊ.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे परळ डोळ्यांपुढे आणा. धुराडी, भोंगे, कामगारांच्या चाळी, झोपड्या. १८९१ च्या कारखाने कायद्याप्रमाणे नऊ वर्षांचे पोर गिरणीत लावता येत होते. नऊ ते चौदा वयाच्या मुलांना दिवसाला सात तास काम. म्हणजे आज ज्या वयात आपले मूल चौथीत असते, त्या वयात ते कापसाच्या धुळीत उभे असे. शाळेची खरी स्पर्धा गिरणीच्या भोंग्याशी होती.

त्यातही आपल्या लोकांची गोष्ट वेगळी. साचेखात्यात पगार बरा, पण तिथे अस्पृश्याला घेत नसत. का? तर धोट्यात कांडी भरताना धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या ओठाला लागलेला धागा दुसऱ्याच्या ओठाला कसा चालेल! १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. मी सांगतो ते एवढ्यासाठी, की गिरणीत आले की जात सुटली असे जे म्हणतात, त्यांना साचेखाते माहीत नाही. पोटाला काम मिळाले, पण बरे काम मिळायचे तर जात आडवी, आणि दुसरी वाट धरायची तर अक्षरओळख नाही. म्हणून शाळा हवी होती.

ती शाळा काढली विठ्ठल रामजी शिंदे यांनी. शिंदे मूळचे जमखंडीचे, मराठा घरातले. विलायतेला ऑक्सफर्डमध्ये धर्माचा अभ्यास करून आलेले आणि प्रार्थना समाजाचे प्रचारक. १९०५ साली नगरजवळ भिंगारला महार बांधवांच्या सभेत ते गेले आणि तिथून त्यांच्या मनाने घेतले की हेच आपले काम. पुढच्या वर्षी, १८ ऑक्टोबर १९०६ रोजी, एल्फिन्स्टन रोडला ग्लोब मिलजवळ मुरारजी वालजी यांच्या बंगल्यात अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा उघडली. उद्घाटनाला सर नारायणराव चंदावरकर होते. ते हायकोर्टाचे न्यायमूर्ती आणि प्रार्थना समाजाचे अध्यक्ष. सुरुवातीच्या खर्चासाठी शेठ दामोदरदास सुखडवाला यांनी एक हजार रुपये दिले.

हजार रुपये आज काहीच नाहीत. पण त्या काळी साध्या गिरणी कामगाराचा पगार महिना दहा-पंधरा रुपयांच्या आसपास. म्हणजे एका कामगाराची सहा-सात वर्षांची कमाई एका माणसाने एका शाळेसाठी दिली. गुजराती शेठचा पैसा, ब्राह्मण न्यायमूर्तीचे अध्यक्षपद, मराठा प्रचारकाची मेहनत, आणि बाकावर आपली मुले. आपण आंबेडकरी माणसे कृतघ्न नाही. ज्यांनी चांगले केले त्यांचे नाव घ्यायला आपली जीभ अडखळत नाही. शिंद्यांच्या बहीण जनाबाई ह्यांनी तर वस्त्यांत जाऊन सेवेचे काम केले. मराठा घरातल्या बाईने त्या काळी महारवाड्यात पाऊल टाकायचे म्हणजे घरी-दारी काय ऐकावे लागले असेल याचा विचार करा.

आता दुसरी बाजू. ह्या संस्थेचे इंग्रजी नाव डिप्रेस्ड क्लासेस मिशन. मराठीत नाव होते निराश्रित साह्यकारी मंडळी. निराश्रित म्हणजे ज्याला आसरा नाही तो. आपले लोक निराश्रित होते का हो? गावकीची कामे करणारे, पलटणीत लढलेले, गोदीत आणि गिरणीत घाम गाळणारे लोक. त्यांचा आसरा कोणी काढून घेतला? नाव देणाऱ्याच्या मनात करुणा होती, यात शंका नाही. परंतु त्या नावात प्रश्न दडला होता. ज्याला मदत करायची तो खालच्या पायरीवर, आणि कारभार करणारे वरच्या. शाळा आमची, पण कमिटीत आम्ही किती? हा प्रश्न शिकलेल्या तरुणांना पडू लागला, आणि तो पडावा म्हणूनच तर शाळा होती. पोराला वाचायला शिकवले की ते पाटीवरचे नावही वाचणारच.

१९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी भूमिका घेतली की अस्पृश्यांचे प्रतिनिधी अस्पृश्यच असले पाहिजेत, दुसऱ्या कोणी त्यांच्या वतीने बोलून चालणार नाही. शिंदे स्वतः १९२३ साली मिशनच्या कारभारातून बाजूला झाले. मतभेद झाले, कडू शब्दही झाले. त्याचा निवाडा आज इथे करायचा नाही. आपल्याला त्यातून एक गोष्ट घ्यायची आहे. दुसऱ्याने बांधून दिलेल्या शाळेत शिकणे ही पहिली पायरी, आणि शाळेच्या कारभारात बसणे ही पुढची पायरी.

ही पुढची पायरी आपल्या लोकांनी वाट न पाहता चढायला सुरुवात केली होती. नागपूरला किसन फागुजी बनसोडे यांनी १९०७ साली चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळा काढली. पुढे त्याच नागपुरात जाईबाई चौधरी ह्यांनी मुलींची शाळा चालवली. ह्या बाई लहानपणी डोक्यावर ओझी वाहून मजुरी करत होत्या. अशी बाई स्वतः शिकली आणि तिने शाळा काढली. मग बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि लगेच १९२५ साली सोलापूरला विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज उभे राहिले. सकाळी वर्ग ठेवले, का, तर दिवसा नोकरी करणाऱ्यालाही शिकता यावे. चौथी-पाचवीचे पोर पुढे जाऊन कुठे बसणार, ह्याची ती सोय होती.

आता कायद्याची गोष्ट सांगतो. थोडी रुक्ष आहे, पण हीच मुख्य गोष्ट आहे, म्हणून लक्ष द्या.

१९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दंड ठेवला. १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्वांची मुले एका शाळेत बसवण्याचा हुकूम काढला. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ साली नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण लागू करता येईल असा कायदा झाला. मुंबई शहरासाठी १९२० साली वेगळा कायदा झाला. आणि १९२५ साली मुंबई महापालिकेने आपल्या एफ आणि जी वॉर्डांत प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले.

एफ आणि जी वॉर्ड म्हणजे कोणता भाग? परळ, नायगाव, दादर, वरळी. गिरणगावाचा मोठा पट्टा! १९०६ साली ज्या मुलखात एका शेठच्या हजार रुपयांवर शाळा उघडली, तिथेच एकोणीस वर्षांनी शाळेत जाणे हा कायदा झाला. एकोणीस वर्षांत भिक्षेचे हक्कात रूपांतर झाले. ज्या मुलाने १९०६ साली पहिलीत नाव घातले असेल, तो १९२५ साली बाप झाला असेल, आणि त्याच्या पोरासाठी कोणापुढे हात पसरायचे कारण उरले नव्हते.

म्हणजे सगळे साधले का? नाही. कायदा कागदावर येतो आणि वर्गात यायला वेळ लागतो. १२ मार्च १९२७ रोजी बाबासाहेब मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलले. त्यांनी दाखवून दिले की पहिलीत शंभर मुले आली तर चौथीपर्यंत अठराच पोचतात, बाकीची ब्याऐंशी परत निरक्षर होतात. पैशाअभावी मुले गळत असतील तर सरकारने अबकारीच्या, म्हणजे दारूच्या उत्पन्नाइतका तरी पैसा शिक्षणावर खर्च करावा, अशी त्यांची मागणी होती. आणि ह्या तारखेनंतर आठ दिवसांनी, २० मार्चला, महाडला चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला. आपण तळे ध्यानात ठेवतो आणि विधिमंडळातले भाषण विसरतो. पाण्याचा हक्क आणि पाटीचा हक्क त्यांनी एकाच महिन्यात मागितला.

आता आपल्या मालाडकडे वळतो. मालाडचा पिवळसर दगड मुंबईच्या इमारतींना प्रसिद्ध होता. फोर्टात काळ्या घोड्याजवळ डेव्हिड ससून वाचनालय आहे, १८७० सालचे. तेही एका दानशूर घराण्याच्या नावाचे. त्या इमारतीला मालाडचा दगड आहे. कधी फोर्टात गेलात तर जरूर बघा, आणि मनाला विचारा, ज्यांनी इथल्या खाणीत तो दगड फोडला त्यांच्यातल्या कितीजणांची पोरे त्या वाचनालयाची पायरी चढली असतील?

मालाड तेव्हा मुंबईत नव्हते. साष्टीतले हे गाव आधी ठाणे जिल्ह्यात, १९२० पासून उपनगर जिल्ह्यात, आणि १ फेब्रुवारी १९५७ पासून बृहन्मुंबई महापालिकेत आले. पालिका आली म्हणजे पालिकेची शाळा आली. आज कुरार, आप्पापाडा, मालवणी इथल्या वस्त्यांत जी मुले पालिकेच्या शाळेत जातात, त्यांना वाटते शाळा काय, असतेच. नळ असतो तशी. त्यांना तसे वाटते याचा मला आनंदच आहे. पण आपण मोठ्यांनी तसे समजू नये.

कारण जे हक्काने मिळाले ते पुन्हा मर्जीवर जाऊ शकते. २००२ साली घटनादुरुस्ती होऊन ६ ते १४ वयाच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खाजगी शाळांतही २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांसाठी ठेवाव्या लागल्या. चांगले झाले. मग फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला ह्या जागा देण्यातून सूट. पालक कोर्टात गेले आणि जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. पालक गेले नसते तर?

त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारी शाळा दत्तक देण्याची योजना निघाली. कंपनीने किंवा देणगीदाराने ठराविक रक्कम द्यायची, आणि त्याने सुचवलेले नाव काही वर्षे शाळेच्या नावाला जोडायचे, अशी त्यात सोय होती. मी देणगीच्या विरुद्ध नाही. आत्ताच मी सुखडवाला शेठचे नाव आदराने घेतले. पण १९०६ साली सरकारने आपली जबाबदारी घेतली नव्हती म्हणून शेठला खिशात हात घालावा लागला. आज कायदा आहे, कर आपण भरतो. काडेपेटी घेतली तरी कर जातो. मग कर भरणाऱ्याची शाळा पुन्हा दुसऱ्याच्या दारात दत्तक का जावी? अनाथ मूल दत्तक जाते. आपली शाळा अनाथ झाली असेल, तर तिचे आईबाप कुठे गेले, हे आधी विचारले पाहिजे.

आणि इथे मी आपल्याकडेच बोट दाखवतो. आपणच पालिकेच्या शाळेकडे पाठ फिरवली. दोन पैसे हाती आले की पोराला टाय लावला आणि दुसरीकडे धाडले. त्याबद्दल कोणाला दोष देत नाही, ज्याला त्याला आपल्या मुलाचे भले कळते. पण ज्याला फी परवडत नाही, त्याचे मूल तिथेच आहे. घरकाम करणाऱ्या बाईचे आहे, नाक्यावरच्या मजुराचे आहे, काल गावाहून आलेल्याचे आहे. त्यात आपलेही आहेत आणि परक्या समाजाचेही आहेत. तिथल्या शिक्षकाला जाब विचारायला आणि चांगले काम केले तर पाठ थोपटायला कोणीतरी नको का?

२००९ च्या कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि निम्म्या सभासद महिला. परळच्या वेळी जी जागा आपल्याला नव्हती, ती आज कायद्याने आपली आहे. मला सांगा, इथे बसलेल्या किती मातांना आपल्या मुलाच्या शाळेतल्या समितीची बैठक कधी होते हे ठाऊक आहे? म्हणून विहार समितीपुढे मी तीन सूचना ठेवतो. पहिली, आपल्या भागातल्या प्रत्येक पालिका शाळेच्या समितीवर निवडून येण्यासाठी पालकांना, विशेषतः आयाबायांना, तयार करावे. त्यांना कायदा समजावून देण्यासाठी पौर्णिमेच्या कार्यक्रमानंतर अर्धा तास ठेवावा. दुसरी, शाळा सोडलेल्या मुलांची गल्लीवार नोंद एका वहीत ठेवावी. लहुजीबुवा आणि राणबांनी जे केले तेच आपण करायचे. तिसरी, विहारात संध्याकाळी दोन तास दिवे लावून सतरंजी घालावी. ज्यांच्या घरात बसायला जागा नाही त्या मुलांनी तिथे अभ्यास करावा, मग ते मूल कोणत्याही धर्माचे असो.

भगवान बुद्धांनी दान ही पहिली पारमिता सांगितली. दान म्हणजे उरलेले टाकणे नव्हे, आणि घेणाऱ्याला मिंधे करणे तर नव्हेच. आपण वर्धापनदिनाला वर्गणी देतो, भोजनदान देतो, छान करतो. आता थोडा वेळ दान करा. मुलाजवळ बसून त्याची उजळणी घेण्याचा वेळ. समितीच्या बैठकीला जाण्याचा वेळ. तो वेळ देणाऱ्याची पाटी कुठे लागत नाही आणि फोटो छापून येत नाही. पण पुढच्या वर्षी ह्याच दिवशी त्या वहीतली किती मुले पुन्हा वर्गात बसली, तो आकडा समितीने इथे वाचून दाखवावा. मी ऐकायला येईन.



भवतु सब्ब मंगलं. जयभीम.